भिंत चौथ्यांदा रंगवण्यापूर्वी : आंतरराष्ट्रीय शाळांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि मुंबई परिसरातील आंतरराष्ट्रीय शाळांचे मुख्याध्यापक, विश्वस्त आणि 'कॅस' (विद्यार्थ्यांच्या सेवा वगैरे उपक्रमांचे) समन्वयक यांस

सप्रेम नमस्कार.

मी भोर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका आहे. नोकरीच्या शेवटच्या नऊ वर्षांत आपल्यासारख्या निरनिराळ्या शाळांतील विद्यार्थ्यांचे सहा गट आमच्याकडे 'सेवे'साठी येऊन गेले. प्रत्येक गटासोबत आलेल्या शिक्षकांनी पुढे केलेल्या फॉर्मवर मी सही केली, शाळेचा गोल शिक्का उमटवला आणि शेऱ्याच्या रकान्यात 'उपक्रम अत्यंत स्तुत्य' असे लिहिले. त्यांतले निम्मे शेरे खरे नव्हते. ते मी का लिहिले आणि त्यांच्या जागी काय लिहायला हवे होते, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. कोणा एका शाळेकडे बोट दाखवण्याचा माझा हेतू नाही, म्हणून कोणाचेही नाव घेत नाही.

आमच्या शाळेची रस्त्याकडची भिंत या काळात तीनदा रंगवली गेली. पहिल्या गटाने तिच्यावर जगाचा नकाशा काढला. तो चांगला होता. सह्याद्रीच्या जागी आमच्या मुलांनी खडूने एक ठिपका देऊन गावाचे नावही लिहिले होते. दोन वर्षांनी आलेल्या गटाने त्यावर पांढरा हात मारून इंग्रजी मुळाक्षरे आणि त्यांची चित्रे काढली. पुढे आलेल्या आणखी एका गटाने मुळाक्षरे पुसून हात धुण्याच्या पायऱ्या रंगवल्या. तिन्ही वेळा दुसरा पावसाळा सरेपर्यंत रंगाचे पोपडे निघाले, कारण त्या भिंतीवरची पन्हळ फुटलेली होती आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत पत्र्यावरचे सगळे पाणी भिंतीवरूनच उतरत असे. पन्हळीचे दोन तुकडे आणि गवंड्याचा एक दिवस, एवढेच ते काम होते. हात धुण्याच्या चित्राखाली जो नळ आहे, त्याला होळीनंतर पाणी येत नाही, हे त्या चित्रासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या पहिलीच्या मुलालासुद्धा माहीत होते. आधीचा रंग का उडाला, हे कोणत्याच गटाने विचारले नाही.

आणि मीही ते सांगितले नाही. दाराशी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचे नसते, हे एक कारण. रंग फुकट मिळत होता, हे दुसरे. केंद्रप्रमुखांना अहवालात लावायला फोटो हवे असत आणि शहरातल्या मोठ्या शाळेची बस गावात आली की पटसंख्या टिकायला मदत होते, असाही माझा एक हिशेब होता. तेव्हा या प्रकरणात जो दोष आहे, त्यातला माझा वाटा मी आधीच मान्य करते.

निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता आणि माझी भाची आपल्यासारख्याच एका शाळेत शिकवते, म्हणून तिच्याकडून मी आपला अभ्यासक्रम समजून घेतला. १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ('आयबी') या संस्थेचा डिप्लोमा ४५ गुणांचा असतो. सहा विषयांचे प्रत्येकी सात मिळून ४२, आणि ज्ञानमीमांसा व दीर्घ निबंध यांचे मिळून तीन. सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा या त्रयीचा, म्हणजे 'कॅस'चा, या ४५ गुणांत एकही गुण नाही. मात्र ती सुमारे अठरा महिने चालवून पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा हाती पडत नाही. हे वाचून मला या मंडळींचे मनापासून कौतुक वाटले. चांगुलपणाला गुण दिले की मुले गुणांसाठी चांगली वागतात आणि गुण दिले नाहीत की तो तास गणिताला जातो, ही अडचण आम्ही परिपाठातल्या मूल्यशिक्षणापासून कार्यानुभवापर्यंत सगळीकडे भोगली आहे. गुण शून्य, पण टाळता येणार नाही, असा मार्ग त्यांनी काढला.

'कॅस'च्या मार्गदर्शिकेत सेवेची जी व्याख्या आहे, तिने मात्र मी थबकले. समाजाच्या खऱ्याखुऱ्या गरजेला प्रतिसाद म्हणून, सहकार्याने आणि परस्परभावाने केलेले काम, असा तिचा आशय आहे. आणि त्यात भाग घेणाऱ्या सर्वांचे हक्क, प्रतिष्ठा व स्वायत्तता जपली जावी, असेही सोबत सांगितले आहे. खरी गरज, सहकार्य, परस्परभाव. या तीन शब्दांपैकी एकही आमच्या भिंतीपर्यंत पोहोचला नाही. विद्यार्थ्याची या काळात शाळेकडून तीनदा औपचारिक मुलाखत होते, असेही समजले. ज्यांची सेवा झाली त्यांच्यासाठी काय, असे मी भाचीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी तो फॉर्म असतो ना."

परस्परभाव हा शब्द जड वाटत असेल, तर आमच्याकडे त्यासाठी जुना शब्द आहे : इर्जिक. एकाच्या शेतातले काम अडले की गावातली माणसे आपापले बैल, आपापली अवजारे घेऊन येतात आणि दिवसभर राबतात. मजुरी कोणी घेत नाही. ज्याचे शेत असेल तो दुपारी सगळ्यांना जेवायला घालतो. आज तुमच्याकडे, परवा माझ्याकडे. पूर्वीइतकी इर्जिक आता होत नाही, बैलही कमी झाले, पण लावणीच्या दिवसांत चार घरे एकमेकांच्या खाचरात उतरतात ती याच हिशेबाने. या व्यवहारात मदत करणारा आणि मदत घेणारा असे दोन वर्ग पडत नाहीत, कारण प्रत्येक जण एका वेळी दोन्ही असतो. आपले विद्यार्थी आमच्याकडे आले ते फक्त देण्यासाठी. त्यांनी आमच्याकडून काही घ्यावे, त्यांना आमची कशासाठी तरी गरज पडावी, अशी जागाच त्या आखणीत ठेवलेली नव्हती; आणि माझ्या मते चारित्र्य घडते ते नेमके त्या जागी.

एक प्रसंग सांगते. पाचवा गट आला तेव्हा पोषण आहाराची खिचडी शिजली होती आणि आमच्या स्वयंपाकीण ताईंनी चाळीस पाहुण्यांचे तांदूळ जास्तीचे वैरले होते, त्यातले काही त्यांच्या घरचे होते. पण शाळेच्या नियमानुसार मुलांनी बाहेरचे खायचे नव्हते, म्हणून त्यांनी आपापले डबे व्हरांड्यात बसून खाल्ले. नियमाचे कारण मला कळते. एखादे मूल आजारी पडले तर उत्तर समन्वयकांनाच द्यावे लागते. त्या गटासोबत शाळेच्या बसवरच्या एक मदतनीस मावशी आल्या होत्या. त्या खाली उतरल्याच नाहीत. बसच्या पायरीवर एकट्याच डबा उघडून बसल्या होत्या. आमच्या ताई जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आल्या आणि चुलीपाशी बसवून वाढले. त्या मावशी सातारा जिल्ह्यातल्या निघाल्या, दोघींच्या ओळखीपाळखी निघाल्या. निघताना मी सहज एका विद्यार्थिनीला विचारले की मावशींचे नाव काय. ती त्याच बसने चार वर्षे शाळेत जात होती. तिला नाव माहीत नव्हते. मुलगी वाईट नव्हती. कानकोंडी झाली, आणि मग स्वतःहून जाऊन विचारून आली. आपल्या 'विद्यार्थी आलेखा'त, म्हणजे विद्यार्थी कसा असावा हे सांगणाऱ्या 'आयबी'च्या यादीत, जे दहा गुणविशेष आहेत, त्यांत काळजी घेणारा, खुल्या मनाचा, चिंतनशील असे शब्द आहेत. त्या दिवसाच्या अहवालात भिंतीचा फोटो होता. मावशींचे नाव विचारायला परत गेलेली मुलगी त्यात नव्हती, आणि माझ्या दृष्टीने त्या सहलीत घडलेली एकमेव 'अध्ययन निष्पत्ती' तीच होती. (हा शब्द आम्हालाही पाठ आहे. आमच्याही भिंतींवर तो लटकतो.)

आता एक चांगली आठवण. चौथ्या गटातली मुले आमच्या मुलांना इंग्रजी शिकवायला आली होती. चाळीस मिनिटांत नाव, गाव, आवडता रंग असे सगळे विचारून झाले आणि मग दोन्हीकडची मुले कंटाळली. मागच्या भिंतीला टेकून बसलेला एक मुलगा, आडनाव अस्सल मराठी, आमच्या तिसरीच्या एका मुलीचे बालभारतीचे पुस्तक चाळत होता. तिने त्याला वाचायला सांगितले. तो 'स्वच्छ' या शब्दापाशी अडला. ती आधी खळखळून हसली, मग त्याच्या शेजारी सरकली, अक्षराखाली बोट ठेवले आणि आपल्या बाईंच्या, म्हणजे माझ्या, आवाजात म्हणाली, "आधी अर्धा स काढ. आता त्याला व जोड." तो मुलगा पुढे सहा शनिवार एकटा आला. स्वारगेटहून एसटीने भोर, तिथून वडापची जीप. शेवटच्या शनिवारी त्याने धडा सलग वाचून दाखवला, आणि मुलीने त्याच्या वहीत लाल पेनाने 'छान' लिहून दिले. ते पेन तिने माझ्या टेबलावरून न विचारता घेतले होते.

त्याने 'कॅस'साठी लिहिलेले टिपण मला दाखवले, तेव्हा त्यात त्याने ग्रामीण विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवल्याचे लिहिले होते. मी म्हटले, "अरे, शिकलास तर तू." तो म्हणाला, "बाई, पण तसं लिहिलं तर मग सेवा कोणी केली?" मला त्याचे उत्तर देता आले नाही, आणि मी फॉर्मवर सही केली. आज मी त्याला आपलीच व्याख्या दाखवली असती.

म्हणून माझा प्रश्न आपल्याला आहे. जी संस्था आपल्या ध्येयवाक्याच्या शेवटी म्हणते की, वेगळी असणारी माणसेही बरोबर असू शकतात हे समजणारी मुले आम्हाला घडवायची आहेत, त्या संस्थेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला 'मी शिकायला गेलो आणि एका आठ वर्षांच्या मुलीने मला शिकवले' असे लिहायची भीती का वाटावी? दहा गुणविशेषांत जोखीम पत्करणारा असाही एक आहे. सतराव्या वर्षी, परदेशी विद्यापीठांचे अर्ज तोंडावर आलेले असताना, आपला उपक्रम फसला किंवा उलटा झाला असे प्रामाणिकपणे लिहिणे, यापेक्षा मोठी जोखीम मला तरी दिसत नाही. ती घेतली तर काही बिघडणार नाही, एवढी हमी त्याला शाळेकडून मिळायला हवी. पालकांनाही हे सांगावे लागेल, आणि ते काम सोपे नाही, हे मी जाणते.

या शिक्षणपरंपरेच्या मुळाशी मात्र याहून वेगळेच काही होते. कुर्ट हान या जर्मन शिक्षकाने हिटलरचा उघड निषेध केला, १९३३ मध्ये तुरुंगवास भोगला आणि मग ब्रिटन गाठले. त्याच्या विचारांतून १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज उभे राहिले. 'आयबी' डिप्लोमा अगदी सुरुवातीला स्वीकारणाऱ्या शाळांत ते होते. तिथल्या मुलांची सेवा कोणती, तर समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणे. ती मुले प्रत्यक्ष बचावपथकात असत. तळ टणक आणि कडा हवेने फुगवलेल्या ज्या बचावनौका आज जगभर दिसतात, त्या प्रकारच्या नौकेची जडणघडण त्याच कॉलेजात, शिक्षक-विद्यार्थ्यांच्या हातून साठच्या दशकात झाली आणि पुढे ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने ती स्वीकारली. यातला फरक पाहावा. समुद्रात माणूस असला की मुलाला जावेच लागते. आज परीक्षा आहे, पुढच्या टर्मला येतो, असे म्हणता येत नाही. त्याच्या न जाण्याने कोणाचे तरी काही बिघडते. आमच्या भिंतीचे मात्र, आपला गट आला नसता, तरी काहीही बिघडले नसते.

हान यांच्याच कल्पनेतून निघालेल्या 'युनायटेड वर्ल्ड कॉलेज' या शाळांच्या साखळीतले एक महाविद्यालय १९९७ पासून आमच्याच जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात आहे. त्याच्याशी माझा कधी संबंध आला नाही आणि वरचे अनुभव त्याचे नाहीत, हे स्पष्ट करते.

आणि इतके दूर जायचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला जेवत. 'भिन्न संस्कृतींची परस्परसमज' या नावाचा विषय तिथे कोणी शिकवला नसेल, पण त्या काळी महाराष्ट्रात याहून लांबचा प्रवास दुसरा नव्हता. माझे थोरले काका तिथे राहिले होते. ते सेवा वगैरे शब्द कधी वापरत नसत. स्वयंपाकाची पाळी होती, भाकरी करपली तर सगळे उपाशी राहायचे आणि मग शिव्या खाव्या लागायच्या, एवढेच सांगत. कामाची गरज खरी असली की चिंतनाचे टिपण वेगळे लिहून घ्यावे लागत नाही.

वेगळा माणूस भेटण्यासाठी भोरपर्यंत बस आणायला हवीच असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या काही महिन्यांत किती आंतरराष्ट्रीय शाळांनी 'आम्हाला सूट नको' असे जाहीरपणे म्हटले? माझ्या तरी कानावर एकही आले नाही. ज्याच्या शेजारी वर्षानुवर्षे बसायचे, ते मूल वर्गात नको आणि त्याच्यासाठी एक शनिवार मात्र द्यायचा, यात विसंगती आहे. मराठीचेही तसेच. २०२० च्या अधिनियमाने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. तिच्याकडे कायद्याची कटकट म्हणून न पाहता, बसमधल्या मावशींशी आणि आमच्या मुलांशी बोलण्याचे साधन म्हणून पाहिले, तर तो तास वाया जाणार नाही.

आपल्याकडून मला जे हवे आहे ते थोडे आहे. अठरा महिने आहेत, तर अठरा महिने एकाच गावाला द्यावेत; सहा ठिकाणी सहा शनिवार नकोत. पहिल्या भेटीत रंग, खडू, खाऊ काहीही आणू नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत येऊन मागे बसावे आणि ऐकावे. त्या बैठकीत पन्हळ निघेल, नळ निघेल, आणि चौथीनंतर मुलींना पुढच्या शाळेत जायला गाडी नाही हे निघेल. शेवटची गोष्ट आपल्या मुलांना सोडवता येणार नाही. सोडवता न येणाऱ्या प्रश्नासमोर काही काळ बसून राहणे हेही मला सतराव्या वर्षी शिकायला आवडले असते. मग ती मुले एसटी महामंडळाला अर्ज लिहोत, गावकऱ्यांबरोबर आगारात हेलपाटे घालोत, आणि अर्जाला उत्तर आले नाही तर तेही टिपणात लिहोत.

दुसरे, आमच्या मुलांनाही आपल्याकडे बोलवावे, आणि ते सहल म्हणून नव्हे. आमच्या चौथीच्या मुलांना खेकडे कसे धरायचे, भाताच्या जाती दाण्यावरून कशा ओळखायच्या, पाऊस कधी ओसरणार हे ठाऊक असते. आपल्या जीवशास्त्राच्या वर्गात त्यांनी एक तास घ्यावा. त्यांना तिथे अडखळू द्यावे आणि आपल्या मुलांनी त्यांना सांभाळून घ्यावे, जसे आमच्या मुलीने 'स्वच्छ'पाशी अडलेल्या मुलाला घेतले होते. आणि शेवटच्या मुलाखतीला गावातले एक माणूस बसवावे. ते माणूस इंग्रजी बोलणार नाही. ते कदाचित म्हणेल की पोरगं गुणी आहे पण वेळेवर येत नाही. ते तसेच लिहून घ्यावे.

एवढे पटत असेल, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात या. त्या वेळी आमच्याकडे लावणी असते आणि माणसे खरोखर कमी पडतात. चपला बांधावरच ठेवाव्या लागतील, पाठीला कळ लागेल, फोन जवळ ठेवायचाच असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. मुक्कामाला शाळेच्या दोन खोल्या मिळतील; मी नव्या मुख्याध्यापकांशी बोलले आहे. दुपारचे जेवण ज्याच्या खाचरात काम असेल त्याच्या घरी, आणि ते मात्र नियम बाजूला ठेवून जेवावे लागेल. जमले तर मावशींनाही आणा, ताई विचारत असतात. शाळेचा शिक्का आता माझ्याकडे नसतो. फॉर्मवर सही हवी असेल, तर ज्यांचे शेत लावून होईल त्यांच्याकडे मागावी. काही जणांचा अंगठा असेल.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
भोर तालुका, जिल्हा पुणे